कोकणातील उघड्या बागेत फुलणारे निवडुंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फातही तग धरणारे, थंडी सोसणारे निवडुंग कोकणातल्या बागेत लावता येतील का?

लावायला कोणाची आडकाठी नाही. पण ज्या गुणासाठी त्यांची ख्याती आहे, तो गुण इथे कामाला येत नाही. ओपन्शिया फ्रॅजिलिस हा बुटका फड्या निवडुंग पार कॅनडापर्यंत आढळतो आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतो. एकिनोसेरियस ट्रायग्लोकिडिएटस या लाल फुलांच्या निवडुंगाला अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१४ मध्ये राज्याचा निवडुंग म्हणून मान दिला. ही झाडे हिवाळ्याच्या तोंडाशी अंगातले पाणी कमी करतात, सुरकुततात आणि काही तर जमिनीवर आडवी होतात. पेशींमधला रस दाट झाल्यामुळे तो सहज गोठत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा अलिबाग येथे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ही सारी तयारी वाया जाते आणि झाडाची गाठ पडते ती जून ते सप्टेंबरच्या पावसाशी. टक्सन या अॅरिझोनातील शहराला, जिथे निवडुंग रस्त्याकडेला आपोआप वाढतात, वर्षभरात साधारण ३०० मिलिमीटर पाऊस मिळतो. कोकणपट्टीत वर्षाला २५०० ते ३५०० मिलिमीटर पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. म्हणून इथल्या बागायतदाराने रोप घेताना ते किती थंडी सोसते हे विचारू नये. मुळे ओली राहिली तर ते किती दिवस जगते, हे विचारावे.

पण थंडी नसणे हे झाडाच्या दृष्टीने सोयीचेच नाही का?

काही जातींच्या बाबतीत आहे, थंड प्रदेशातल्या जातींच्या बाबतीत मुळीच नाही. निवडुंग आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, जेणेकरून उन्हात पाणी उडून जाऊ नये. हे काम गार रात्री चांगले होते. मे महिन्यातली किंवा पावसाळ्यातली रात्र, जेव्हा पारा २५ अंशांच्या खाली उतरत नाही आणि हवा दमट असते, तेव्हा झाडाची कमाई घटते आणि श्वसनात होणारा खर्च वाढतो. डोंगराळ, थंड भागातून आलेली झाडे अशा हवेत हळूहळू मऊ पडतात. शिवाय यांतील बऱ्याच जातींना कळ्या धरण्यासाठी कोरड्या, थंड विश्रांतीचे काही आठवडे लागतात. ते मिळाले नाहीत, तर झाड हिरवे राहते, पिलावळही काढते, पण फूल देत नाही.

तरीही हौस म्हणून यातलेच एखादे लावायचे असेल, तर ओपन्शिया ह्युमिफ्युसा निवडावा. तो अमेरिकेच्या पूर्व भागातला, म्हणजे उन्हाळ्यातही पाऊस आणि दमटपणा असलेल्या मुलखातला आहे, त्यामुळे ओल्या हवेची त्याला थोडीफार सवय असते. त्याची पिवळी फुले सुरेख असतात. मात्र इथे ती भरभरून येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

मग फुलांसाठी कोणते निवडुंग लावावेत?

सर्वांत आधी ब्रह्मकमळ, म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातील ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुळातील वेगळीच वनस्पती आहे. आपल्या पडवीत फुलते ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगलांमध्ये झाडांच्या खोडांवर वाढणारे निवडुंग आहे. ते जंगलातले असल्यामुळे त्याला विरळ सावली, दमट हवा आणि पाऊस हे सगळे मानवते. एक सपाट फांदी अर्धी मातीत खोचली की बहुधा रुजते. कळी आधी खाली लोंबते, फुलण्याच्या दिवशी तिचा देठ बाक घेऊन वर वळतो, संध्याकाळनंतर बाहेरच्या गुलाबी छटेच्या पाकळ्या सुटू लागतात आणि मध्यरात्रीच्या आत फूल पूर्ण उमलते. सकाळी ते मान टाकते. पावसाळ्यात एकाच झाडावर एका रात्री अनेक फुले येणे ही कोकणात नवलाईची गोष्ट नाही.

त्यानंतर ड्रॅगन फ्रूट. फळासाठी त्याची लागवड आता बरेच शेतकरी करतात, पण फूल म्हणूनही ते बागेत मानाची जागा घ्यावे असे आहे: वीतभराहून मोठे, पांढरे आणि एका रात्रीचे. दिवस मोठे असताना ते कळ्या धरते, म्हणून त्याचा बहर उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर चालतो. सिमेंटचा खांब आणि वर आधाराला चौकट किंवा जुना टायर एवढी व्यवस्था त्याला पुरते. लाल गराच्या अनेक वाणांना फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात. फक्त फुले हवी असतील, तर ही चिंता नाही.

पेरेस्किया ग्रँडिफोलिया पाहून ते निवडुंग आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही, कारण त्याला पेरूसारखी रुंद पाने असतात. फुले गुलाबी, घोसाने येणारी आणि दिवसा उमलणारी. खोडावर काटे असतात, त्यामुळे वईला लावले तर गुरे आत शिरत नाहीत. पावसाचे त्याला भय नाही. उंच खांबासारखा वाढणारा सेरियसही निचऱ्याच्या जमिनीत कोकणचा पाऊस निभावतो आणि वयात आला की रात्री मोठी पांढरी फुले देतो, पण त्याला काही वर्षे द्यावी लागतात.

गोल, लहान निवडुंगांमध्ये माझी पहिली पसंती मेलोकॅक्टसला आहे. कॅरिबियन बेटे आणि ब्राझील येथील उष्ण प्रदेशात, काही जाती तर अगदी समुद्रकाठीच, तो वाढतो आणि थंडीच त्याला सोसत नाही. वयात आल्यावर त्याच्या डोक्यावर लोकरीची आणि बारीक काट्यांची टोपी येते, मग खालचा गोळा वाढायचा थांबतो आणि त्या टोपीतून लहान गुलाबी फुले येत राहतात. जिम्नोकॅलिशियम आणि मॅमिलेरिया हेही चांगले फुलतात. या तिन्हींना पावसाळ्यात छप्पर मात्र हवेच.

एकिनॉप्सिसची मोठी, गुलाबी-पांढरी फुले चित्रात पाहून अनेकजण तो आणतात. त्याला कोरडा, थंड हिवाळा हवा असल्यामुळे किनाऱ्यावर तो पिल्ले फार काढतो आणि फुले क्वचित देतो.

आमच्या कुंपणाला पूर्वीपासून असलेला निवडुंग याच कुळातला का?

बहुधा नाही. शेर आणि त्रिधारी निवडुंग हे एरंडाच्या कुळातले, युफोर्बिया वंशाचे आहेत. फांदी मोडली की पांढरा चीक आला तर तो युफोर्बिया समजावा, आणि तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. फड्या निवडुंग मात्र खरा निवडुंग आहे, जरी तोही मूळचा अमेरिकेतलाच.

बागेत त्यांना जागा कुठे द्यावी?

कोकणातील घराला एक तयार जागा असते, ती म्हणजे गडगा. जांभ्याचे चिरे चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या गडग्याच्या माथ्यावर पाणी क्षणभरही थांबत नाही, वारा खेळता असतो आणि उन्हाला अडथळा नसतो. चिऱ्यांच्या फटीत थोडी खडीमिश्रित माती भरून तिथे सेरियसची किंवा फड्या निवडुंगाची कांडी लावावी. गडगा नसेल, तर चिऱ्यांचा दीड ते दोन फूट उंच वाफा बांधावा आणि तळाशी वीतभर मोठी खडी घालावी. सपाट अंगणात खड्डा खणून निवडुंग लावणे टाळावे, कारण आषाढात तो खड्डा विहिरीचे काम करतो.

वळचणीखाली कधीही लावू नये. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या माती उकरतात, खोडावर चिखल उडवतात आणि जिथे तो चिखल चिकटून राहतो तिथूनच कुजायला सुरुवात होते. माडाखालची जागा सावलीच्या दृष्टीने ब्रह्मकमळाला चालते, पण झावळ आणि नारळ पडण्याचा हिशेब आधी करावा.

माती कशी तयार करावी?

जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते आणि निवडुंगांना किंचित आम्ल माती चालते, त्यामुळे ती टाकून देण्याचे कारण नाही. अडचण तिच्या बारीक भागाची आहे: पावसात तो भाग खाली बसतो आणि कुंडीच्या तळाशी चिकट थर तयार होतो. म्हणून चिरेखाणीवरचा चुरा आणला तर तो चाळावा, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवावेत आणि पीठ काढून टाकावे. उघड्यावरच्या वाफ्यासाठी एक भाग माती, दोन भाग जांभ्याचे तुकडे किंवा क्रशरवरची बारीक खडी, एक भाग जाड वाळू आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत हे प्रमाण ठेवावे. पाऊस जास्त असलेल्या डोंगराकडच्या गावांत मातीचा भाग आणखी कमी करावा.

खाडीची किंवा पुळणीची वाळू वापरायची झाली, तर ती एक पावसाळा उघड्यावर ठेवून धुऊन घ्यावी, निदान चार-पाच वेळा गोड्या पाण्यातून काढावी. काथ्याचा भुसा बाजारात सहज मिळतो आणि तो सर्व रोपांसाठी सुचवला जातो. तो पाणी फार धरतो, तेव्हा गोल निवडुंगांच्या कुंडीत तो नकोच. ब्रह्मकमळासाठी मात्र नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि पानांचे खत यांचे मिश्रण उत्तम ठरते, कारण हे झाड मुळात मातीत वाढणारेच नाही. एकच सोडण फार काळ ठेवू नये. दोन-तीन वर्षांत त्याचा लगदा होतो.

पावसाळ्यात सगळे झाकावे लागते का?

ब्रह्मकमळ, ड्रॅगन फ्रूट, पेरेस्किया, सेरियस आणि फड्या निवडुंग यांना झाकण्याची गरज नाही. गोल आणि लोकरीच्या निवडुंगांना आहे, आणि हे काम मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी व्हायला हवे. वळवाच्या एखाद्या सरीने बिघडत नाही. सलग भिजणे मारक ठरते.

छप्पर पारदर्शक असावे. फायबरचा किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा, नाहीतर यूव्ही संरक्षित जाड प्लास्टिक कागद चालतो, परंतु त्याच्या चारही बाजू उघड्या ठेवाव्यात. बाजू बंद केल्या की आत वाफ कोंडते आणि पावसात भिजणे परवडले असते असे म्हणण्याची वेळ येते. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून त्या बाजूची कड फूटभर अधिक बाहेर काढावी. झावळ्यांचे झाप घालून केलेला मांडव उन्हाळ्यात सावलीसाठी चांगला. पावसाळ्यात मात्र तो गळतो आणि उजेडही अडवतो.

कुंड्या थेट जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर किंवा फळीवर ठेवाव्यात. छपराखालच्या झाडांना जून ते सप्टेंबर जवळजवळ पाणी देऊ नये, कारण हवेतला ओलावा त्यांची तहान बऱ्याच अंशी कमी करतो. पाऊस ओसरल्यावर, हस्त नक्षत्र सरत आले की छप्पर काढता येते. पण चार महिने ढगाळ उजेडात राहिलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवले, तर त्याची साल पांढरी पडून करपते आणि तो डाग कायमचा राहतो. पहिले दोन आठवडे वरून हिरवी जाळी घालावी.

पाणी आणि खत किती द्यावे?

नोव्हेंबर ते जानेवारी गोल निवडुंगांचे पाणी जवळजवळ तोडावे, महिन्यातून एकदा हलकेसे दिले तरी पुरे. फेब्रुवारीत कळ्या दिसू लागल्या की वाढवावे आणि मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, माती पूर्ण भिजेल असे द्यावे. रोज चमचाभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट. खताचे म्हणाल, तर पालाश जास्त आणि नत्र कमी असलेले खत उन्हाळ्यात दोनदा पुरते; ड्रॅगन फ्रूट तेवढे खादाड आहे, त्याला शेणखत मोकळ्या हाताने द्यावे.

झाड जोमदार वाढते, पण फूल येत नाही. असे का?

कोकणातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. हापूसला मोहोर येण्यासाठी पाऊस थांबावा लागतो, जमीन सुकावी लागते आणि डिसेंबरात थोडा गारठा पडावा लागतो. पाणी आणि नत्र चालू राहिले तर कलम नुसती पालवी काढते. निवडुंगाचेही असेच आहे. हिवाळ्यात दयेपोटी पाणी देत राहणे हे फूल न येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण, आणि त्याच्या खालोखाल अपुरे ऊन. पडवीतल्या सावलीत गोल निवडुंग वर निमुळता होत जातो, तेव्हा तो उजेड शोधत असतो. तिसरे कारण वय: सेरियस आणि मेलोकॅक्टस यांना फुलण्याआधी बरीच वर्षे वाढावे लागते, त्यावर इलाज नाही.

बाजारात कधीकधी भर पावसाळ्यात लहानशा निवडुंगावर टवटवीत लाल-पिवळे फूल दिसते. बोटाने हलकेच चाचपून पाहावे. कागदासारखे कोरडे लागले, तर ते वाळवलेले फूल गोंदाने चिकटवलेले आहे. ते आठवडेच्या आठवडे तसेच राहते आणि त्याखालचा शेंडा मात्र खराब होतो.

कूज लागल्याचे कसे ओळखावे आणि काय करावे?

मातीलगतचा भाग रोज नजरेखालून घालावा. आधी हिरवा रंग पाण्यात भिजल्यासारखा गडद आणि किंचित पारदर्शक दिसतो, मग तो पिवळसर तपकिरी होतो, आणि बोटाने दाबल्यास पिकलेल्या फळासारखा खचतो. काही वेळा वरचा भाग ठणठणीत दिसतो, पण झाड हलवले तर ते सैल लागते. तेव्हा मुळे गेलेली असतात. झाड उपटून धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या काढत जावे. चकतीच्या मध्यभागी जे वलय असते, त्यात तांबूस ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापत राहावे, आणि दर कापाला सुरी पुन्हा पुसावी. स्वच्छ, एकसारखा हिरवट-पांढरा गर आला की तिथे गंधकाची भुकटी लावून तुकडा सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. उन्हाळ्यात आठवडाभरात खपली धरते. पावसाळ्यात ती धरता धरत नाही, म्हणून तो तुकडा चुलीजवळ किंवा घरातल्या कोरड्या फळीवर ठेवावा.

प्रतिबंधासाठी सुपारीच्या कोळे रोगावर वापरतात ते एक टक्का बोर्डो मिश्रण पावसापूर्वी फवारावे. एक लिटरसाठी १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना पुरतो. दोन्ही प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करावे आणि त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना आणखी घालावा. झाडावर निळसर डाग राहतात, ते दिसायला वाईट असले तरी अपायकारक नसतात.

नाजूक जातींसाठी कलम करून उपयोग होतो का?

होतो, आणि कलमांच्या प्रदेशात हा उपाय इतका कमी वापरला जावा याचे नवल वाटते. ड्रॅगन फ्रूटची तीनधारी कांडी खुंट म्हणून घ्यावी, कारण तिच्या मुळांना ओलावा मानवतो. खुंटाचा शेंडा आडवा सपाट कापावा, कडेच्या धारा तिरक्या तासाव्यात, वर लावायच्या गोळ्याचा तळही तसाच कापावा. दोन्ही कापांवर मध्यभागी फिकट वलय दिसते. ती वलये निदान एका जागी एकमेकांवर आली पाहिजेत, नाहीतर कलम धरत नाही. रबराने वरून खाली बांधून दहा दिवस सावलीत, कोरड्या जागी ठेवावे. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत योग्य. लाल-पिवळ्या रंगाच्या गोळ्याची जी कलमे सर्वत्र विकली जातात, त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते आणि तो पूर्णपणे खुंटाच्या जिवावर जगतो. ती अल्पायुषी असतात आणि मला फारशी आवडत नाहीत.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचे काय?

फड्या निवडुंग आणि मेलोकॅक्टस तो बऱ्यापैकी सोसतात. इतरांवर मीठ साचू लागले, तर कोरड्या ऋतूत पंधरा दिवसांतून एकदा सकाळी गोड्या पाण्याने अंग धुवावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर पावसाचे पाणी साठवून ठेवलेले बरे.

कोणत्या किडींचा त्रास होतो?

पिठ्या ढेकूण हा मुख्य. पांढरा कापूस दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसावा आणि मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. मोठे आफ्रिकन गोगलगाय पावसाळ्यात रात्री ब्रह्मकमळाची कोवळी पाने आणि ड्रॅगन फ्रूटचे कोंब फस्त करतात. त्यांना विजेरी घेऊन हातमोज्याने वेचावे. वाफ्याभोवती मीठ पसरण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नये. गोगलगायीबरोबर झाडही जाते.

आम्ही दापोलीला किंवा आंबोलीला राहतो. आम्हाला वेगळे काही लावता येईल का?

दापोलीत जानेवारीच्या काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे किनाऱ्यावर न फुलणारा एकिनॉप्सिस तिथे नशीब काढू शकतो. श्लुम्बर्गेरा या निवडुंगाचीही तिथे आशा धरावी. तो ब्राझीलच्या किनारी डोंगररांगांतील पावसाळी जंगलातला आहे, आणि मोठ्या रात्री व गारवा एकत्र आले की कळ्या धरतो. रात्रीची लांबी कोकणात सगळीकडे सारखीच असली, तरी गारवा उंचावरच मिळतो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने थंडीचा प्रश्न सुटतो, पण तिथला पाऊस किनाऱ्याच्या दुपटीच्या घरात जातो, तेव्हा गोल निवडुंगांचा नाद छपराशिवाय करू नये.

परदेशातून रोपे किंवा बी मागवता येते का?

आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात ही अट आहे. याखेरीज पेरेस्कियासारखे थोडे अपवाद वगळता सर्व निवडुंग वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. टपालाच्या लिफाफ्यात लपवून आलेली रोपे घेऊ नयेत. देशातल्या रोपवाटिकांत वरच्या सर्व उपयुक्त जाती मिळतात.

छाटलेल्या कांड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, टाकल्या तर चालतील का?

चालणार नाहीत. फड्या निवडुंगाची एक फणी कातळाच्या भेगेत पडली तरी रुजते. दक्षिण भारतात या झाडाने इतकी जमीन व्यापली होती की १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारी कोशिनील कीड मुद्दाम आणून सोडावी लागली. आपल्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या लहान वनस्पतींमध्ये इतरत्र न आढळणाऱ्या जाती आहेत आणि त्यांना उथळ मातीचा एवढाच पसारा मिळालेला आहे. छाटलेल्या कांड्या मे महिन्यात कडक उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात आणि मग जाळाव्यात, किंवा खोल खड्ड्यात हातभर मातीखाली पुराव्यात. शेणखताच्या खड्ड्यात त्या टाकू नयेत, तिथेही त्यांना कोंब फुटतात.